घागरीचा नंबर

अशोक चौकातल्या ऑफिसात रात्रपाळीला मी एकटीच.
चार स्क्रीन, एक कुरकुरणारा पंखा,
कागदात कडक भाकरी, शेंगाचटणी.
आई शेजारणींना सांगते, पोरगी कॉम्प्युटरवर असते.
खरं काम एवढंच:
जागा राखणं.

सोलापूरहून हैदराबादेला जाणारी काचेची तार
सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही.
मॅच, मालिका, कुणाच्या तरी हळदीचा अडीच तासांचा व्हिडिओ,
टॉवेलांच्या डिझाइनच्या फायली, साखर कारखान्याचा हिशेब,
सगळं एकाच बोळातून, एकमेकांना कोपर मारत.

आज होटगी रोडच्या दवाखान्याला
नऊ ते साडेदहा आठ एमबी हवेत.
बाळ नऊशे ग्रॅमचं.
त्याला बघणारी डॉक्टर तिकडे, हैदराबादेत.

मागणी निघते.
नळदुर्गला विचारते, आहे का? उमरग्याला, आहे का?
हुमनाबादला. जहीराबादला.
पलीकडच्या टोकाला पोचली की मग होकार उलटा चालत येतो,
एकेका ठाण्यावर सही करत.
मधल्या एकानं मान हलवली
की बाकीच्यांचे होकार वाया.
तोंडदेखलं 'हो' म्हणणारा राउटर
अजून कुणी केलेला नाही,
आमच्या नातेवाइकांत मात्र बरेच आहेत.

आज उमरगा अडलं. सहाच आहेत म्हणे.
सायबण्णाला फोन लावला.
"अक्का, मॅच चालूय बघा. कुणाचं कापू?"
"कारखान्याची बॅकअप अकरानंतर घे की."
तो गप्प. कीबोर्डचा आवाज.
"घ्या. आठ."

पण राखलेली जागा राखलेली राहत नाही.
दर तीस सेकंदांनी सांगावं लागतं:
मी आहे, मी अजून आहे.
तीन-चार हाका चुकल्या
की तार समजते काय समजायचं ते,
आणि जागा मोकळी करून टाकते.
राग नाही, निरोप नाही.

नऊ बावन्नला आकडा खाली आला.
पाच. दोन. शून्य.
चित्र थांबलं तिकडे.
किती जातंय ते मला दिसतं,
काय जातंय ते नाही.
बाळ झोपलं असेल, किंवा डॉक्टर म्हणाली असेल पुरे,
किंवा.

दवाखान्याचं यंत्र मात्र हाका देत राहिलं.
मी आहे. मी अजून आहे.
आठ एमबीचा रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना गर्दी.
विडी घरकुलमधून तक्रार आली, मॅच अडकतेय, शेवटची ओव्हर आहे.
मी म्हटलं, बघते.
आणि साडेदहापर्यंत हात लावला नाही.

सकाळी घरी आले तर बोळात पाण्याचा दिवस.
पाच दिवसांनी आलेलं, तेही करंगळीएवढं.
नळापासून कोपऱ्यापर्यंत घागरींची रांग:
आमची, राजमणीअक्काची, कुडक्यालांच्या दोन,
आणि चौथ्या नंबरावर सत्तम्माची हिरवी,
कडेला चीर पडलेली.
सत्तम्मा दिवाळीपासून सुरतेला, थोरल्याकडे.
फोन लागत नाही.
तरी दर पाण्याला कुणीतरी ती घागर आणून ठेवतं,
नंबर आला की भरतं,
तिच्या जाईला ओततं.

मी हिशेब केला.
तीस सेकंदांच्या हाका, चार महिन्यांच्या.
"अक्का, किती दिवस ठेवायचा नंबर?"

राजमणीअक्कानं पदर खोचला,
हिरवी घागर पायानं एक हात पुढे सरकवली.
"का? तुला घाई हाय काय?"